मांडवातली टिटवी

मारोती मांडववाल्याने उरणच्या वाटेवर कितीतरी लग्नांचे मांडव घातले होते, पण खड्डा खणताना डोक्यात टपली बसण्याची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली. पहारीचा पहिला घाव मुरमात बसला आणि कुठूनसा एक पक्षी किंचाळत त्याच्या टोपीला घासून गेला. मारोतीने टोपी सावरून दुसरा घाव घातला. आता दोन पक्षी आले, एक समोरून आणि एक पाठीमागून, आणि दोघांनी मिळून असा काही कालवा केला की रस्त्यापलीकडच्या पानटपरीवरची माणसं उठून बघायला लागली.

"शेट, ह्ये काय पाळलंय का तुमी?" मारोती ओरडला. तो मूळचा साताऱ्याकडचा. दिघ्याच्या वस्तीत राहून त्याने मांडवाच्या धंद्यात जम बसवला होता, पण बोलणं गावाकडचंच राहिलं होतं.

"टिटवी हाय ती," ओटीवर उभा असलेला कमळाकर म्हणाला. "टिटवीला काय घाबरतस, मारोती? खन तू."

"मी कुठं घाबरतुय? ती मला घाबरंना, ह्यो घोळ हाय."

कमळाकर त्याच वाटेवरच्या जासई गावचा. त्याची भाताची जमीन बंदराच्या कामात गेली होती आणि आता तो आजूबाजूच्या कंटेनर यार्डांना पाण्याचे टँकर पुरवत असे. शेतातली उरलेली एक पट्टी घरासमोर होती, रस्त्याला लागून. ती खोलगट होती, म्हणून शिमगा झाल्याबरोबर त्याने तिच्यात मुरूम टाकून घेतला आणि रोलर फिरवून ती ताटासारखी सपाट केली. कारण थोरल्या मुलीचं, रंजिताचं लग्न ठरलं होतं, आणि तिचा मांडव रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतल्या माणसालासुद्धा दिसला पाहिजे अशी त्याची हौस होती. मांडव कुठून कुठपर्यंत, बोहलं कुठे, पंगत कुठे, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. पहिला महिनाभर कुणी घरी आलं की तो त्या मोकळ्या मुरमावर त्याला फिरवून आणायचा आणि हवेत हात करून दाखवायचा, "हितं बोहला."

त्यानंतर नेमकं तिथेच, बोहल्याच्या जागेवर, टिटवीने चार अंडी घातली होती.

घरटं म्हणावं असं तिथे काहीच नव्हतं. मुरमात बशीएवढा खळगा, कडेला चार-दोन खडे आणि मधे मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी. मारोतीचा पाय पडता पडता राहिला. खडा कुठला आणि अंडं कुठलं हे वाकून बघितल्याशिवाय कळत नव्हतं.

"घमेल्यात घे आनि पलीकडं कुंपनाशी नेऊन ठेव," कमळाकरने सांगितलं. "लगीन तोंडावर आलाय आनि हिचा हितं संसार!"

मारोतीने घमेल्यात मुरूम पसरला, वर अंडी अलगद ठेवली आणि कुंपणाच्या सावलीत नेऊन ठेवली. दोन्ही पक्षी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत होते. तो लांब झाल्यावर त्यातली एक टिटवी खाली उतरली. लांब पिवळ्या पायांनी तुरुतुरु धावली, थांबली, पुन्हा धावली. पण घमेल्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. ती त्या रिकाम्या खळग्यावर जाऊन बसली. बसली, उठली, पोटाखाली वाकून बघितलं, आणि परत बसली.

याच वेळी रंजिता कामावरून घरी आली. एका यार्डाच्या ऑफिसात ती टायपिंगचं काम करायची, आणि शनिवार असल्यामुळे अर्ध्या दिवसाने सुटली होती. मांडवाची माणसं आंब्याखाली बसलेली, एकच खांब उभा, आणि मधे मुरमात एक पक्षी उठबस करतोय, हे तिने बघितलं.

"काय झाला?" तिने मारोतीला विचारलं.

मारोतीने मान खाली घालून कुंपणाकडे बोट केलं. रंजिताने पर्स ओटीवर टाकली, चपला काढल्या आणि घमेलं उचलून सरळ खळग्याकडे चालायला लागली. टिटव्यांनी तिच्यावरही झेप घेतली. तिने एक हात डोक्यावर धरला, दुसऱ्या हाताने घमेलं कमरेला टेकवलं, खळग्याशी बसून ते खाली ठेवलं आणि एकेक अंडं परत जागेवर ठेवलं.

"ताई, टोकं आत करा," मारोती लांबून म्हणाला. "तशीच हुती."

तिने टोकं आत केली आणि मागे सरली. थोड्या वेळाने टिटवी आली, अंग फुगवून अंड्यांवर बसली आणि गप्प झाली. इतक्या वेळच्या गोंगाटानंतर ती शांतता सगळ्यांनाच कशीशी वाटली.

"आता आनि काय?" कमळाकर ओटीवरून खाली उतरला. "लगीन तुझा हाय का टिटवीचा?"

"माझा. म्हनून तर सांगते बाबा, ती हालनार नाय."

"बोहला तिथंच येनार हाय. भटजीनं जागा बघून दिली हाय."

"भटजीला सांग दुसरी बघाला."

"रंजिता!"

ती गडबडली नाही. मुरमाकडे बघत म्हणाली, "गेल्या साली आमच्या यार्डात अशीच अंडी होती. ट्रेलरच्या चाकाखाली गेली. मी खिडकीतून बघत होते. दोन दिवस ती चाकाच्या खुनेवर बसून होती, बाबा. जेवाचा डबा उघडला का मना तीच दिसायची. आता माझ्या लग्नाच्या मांडवात मना तसा काय नको."

कमळाकर रागावला. टँकरची चावी उचलली आणि धुरळा उडवत निघून गेला. मारोतीने बांबू आंब्याला टेकवून ठेवले आणि माणसं घेऊन दिघ्याला परत गेला.

दुसऱ्या दिवशी कमळाकर पहाटेच उठला. पोरगी जागी व्हायच्या आत प्रश्न मिटवून टाकायचा असं त्याने ठरवलं होतं. हातात टोपली घेऊन तो बाहेर आला. अंड्यांवर कुणी नव्हतं. चांगलंच झालं, असं म्हणून तो दोन पावलं पुढे गेला आणि थांबला.

घराच्या एका अंगाला तो टँकर उभा करायचा. टँकरचा कॉक जरा गळका होता आणि ते पाणी शेजारच्या जुन्या चरात साचून राहायचं. त्या चरात टिटवी उभी होती. ती पाण्यात बसली, छाती आणि पोट नीट बुडवलं, उठली आणि पाय उचलत खळग्याकडे आली. तिच्या पोटाची पांढरी पिसं निथळत होती. ती अंड्यांवर बसली आणि अंग हलकेच हलवून तिने ते पाणी अंड्यांना लावलं. मग जोडीदार आला, ती उठली, तो बसला, आणि ती परत पाण्याकडे गेली. ऊन अजून पुरतं वर आलं नव्हतं, पण वैशाखातला मुरूम कधी तापतो हे तिला ठाऊक असावं.

कमळाकर टँकरच्या पायरीवर बसला. बसल्या बसल्या किती वेळ गेला हे त्याला कळलं नाही. त्याची बायको पुतळा चहा घेऊन आली तेव्हा टोपली त्याच्या पायाशी उलटी पडलेली होती.

"टोपली कशाला आनली?" तिने विचारलं.

"कशाला नाय." त्याने चहाचा घोट घेतला. "ती बघ. पानी वाहते. पोटाला लावून नेते आनि अंडी गार करते. आपलाच धंदा."

पुतळाने बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. इतक्या सकाळी त्याला हसताना तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

त्याच दिवशी मारोतीला निरोप गेला. मारोती आला, खळग्यापासून लांब उकिडवा बसला आणि काटकीने मातीत रेघा ओढायला लागला. "हितनं मांडव सरळ न्यायचा, आन् टिटवीच्या अलीकडं काटकोनात वळवायचा. त्यो कोपरा उघडाच ठिवायचा, वर कापड न्हाई, खाली खुर्ची न्हाई. भोवती दोरी. बोहलं न्यायचं तिकडं, तुमच्या टँकराच्या बाजूला."

"आनि यष्टीतून दिसंल काय?"

"अर्धा दिसंल."

"अर्धा तर अर्धा," कमळाकर म्हणाला.

भटजींनी कुरकुर केली, पण नवी जागाही पूर्वेलाच तोंड करून आहे असं बघून होकार दिला. मारोतीने खड्डे खणताना आवाज दबावा म्हणून पहारीला फडकं गुंडाळलं. टिटव्यांनी तरीही रोज त्याच्या टोपीचा समाचार घेतला. शेवटी शेवटी तो त्यांना मेहुणे म्हणायला लागला. "आले बगा मेव्हणे," म्हणायचा आणि खाली वाकायचा.

एवढं झालं तरी पुतळाच्या मनात एक गोष्ट डाचत होती. तिने ती कुणालाच सांगितली नव्हती. लग्नघरी बायका तांदूळ निवडायला जमायच्या, आणि बाहेर टिटवी ओरडली की त्या एकमेकींकडे बघून गप्प व्हायच्या. एक दिवस बायका गेल्यावर पुतळा वेणूबाईजवळ सरकून बसली. वेणूबाई गावाची धवलारीण. लग्नात धवल्यांची गाणी म्हणायचा मान तिचा, आणि गावातल्या निम्म्या लोकांची लग्नं तिनेच लावलेली.

"बाय वेनू," पुतळा हळूच म्हणाली, "टिटवी दारान वराडली का घरानचा मानूस जातं म्हंतात. मना रात झोप नाय."

वेणूबाईने सूप खाली ठेवलं. "जातं ना."

पुतळाचा चेहरा उतरला.

"अगो, जातंच हाय ना! रंजिता नाय का जात दिघ्याला, सासरी? टिटवी खोटा कुठं सांगते?"

पुतळा आधी रडली, मग हसायला लागली, मग दोन्ही एकदमच करायला लागली. वेणूबाई सूप उचलून तांदूळ पाखडत राहिली.

पण व्याह्यांचं काय, ही धास्ती राहिलीच. नवरा मुलगा दिपेश दिघ्याजवळच्या एका कारखान्यात फिटर होता. पोरगा हसरा, सरळ. त्याला रंजिताने ऑफिसच्या फोनवरून सगळं सांगितलंही होतं. पण त्याचे वडील देवजी म्हणजे जुना माणूस. कमी बोलणारा आणि नेमाचा. त्यांनी मांडवात टिटवी आहे असं ऐकलं आणि काही मनात आणलं तर? तेव्हा व्याह्यांना काही कळू द्यायचं नाही असं कमळाकर आणि पुतळाने ठरवलं.

लग्नाला तीन-चार दिवस असताना देवजी वरातीचं ठरवायला आले. पुतळाने त्यांना थेट आतल्या खोलीत बसवलं, रेडिओ मोठा केला आणि खिडकी लावून घेतली. बाहेर टिटवी ओरडली. कमळाकर जोरात खोकला. पुन्हा ओरडली. पुतळाच्या हातून ताटली पडली. तिसऱ्यांदा दोन्ही टिटव्या एकदम ओरडल्या, तेव्हा कमळाकर खोकला आणि पुतळाही खोकली.

"याही," देवजी चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "तुमच्या घरान सगल्यांनाच खोकला झालाय काय?"

"धुरला हाय ना. मुरमाचा."

"आनि ती टिटवी हाय ना?"

रेडिओवर कसली तरी जाहिरात चालू होती. देवजी उठले, धोतराचा सोगा हातात धरला आणि बाहेर पडले. कमळाकर मागोमाग. आतल्या दारात रंजिता उभी होती.

देवजी दोरीपाशी गेले आणि उकिडवे बसले. टिटवी ओरडून ओरडून त्यांच्या पागोट्यावरून फिरली. ते हलले नाहीत. त्यांनी बोटाने खळग्यातली अंडी मोजली.

"याही, मी हालवनारच होतो," कमळाकर म्हणाला. "पोरीनं ऐकला नाय. तुमच्या मनान काय असंल तर..."

"चार हायत," देवजी म्हणाले.

"हां. चार."

"चार म्हंजे चार महिने पाऊस. माझा बापूस नांगर धरायच्या आगोदर शेतान टिटवी बघून यायचा. अंडी असली का तेवढा तुकडा सोडून नांगरायचा. भात नंतर लावायचा, पन टिटवीला उठवायचा नाय." त्यांचा चेहरा उजळला होता. "दिघ्याला आता माती उरली नाय, याही. सगला शिमिट. मना वाटला, ह्या गेल्या कुठंतरी. मना वाटला, आता ह्या अंडी घालाला जागाच शोधत नसतील."

मग त्यांनी मान वळवून दारातल्या रंजिताकडे बघितलं. "हालवू दिला नाय तू?"

"नाय," ती म्हणाली.

"बरा केलास." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "आता वरातीचा ऐका. बेंजो नाल्यावरच्या साकवापर्यंत वाजंल. साकवावरून हितवर मुकाट. एक टाली वाजवायची नाय."

"आनि पोरं ऐकतील?" कमळाकरने विचारलं. दिघ्याच्या पोरांचं नाचणं त्याने पाहिलं होतं.

"माझ्या पोराची वरात हाय. ऐकतील."

हळदीच्या दिवशी संध्याकाळी मारोती धापा टाकत घरात आला. एका अंड्याला तडा गेला होता. हळदीने माखलेली रंजिता खिडकीशी धावली, तिच्यामागे सगळ्या करवल्या. आतून पिल्लाची टिकटिक ऐकू येते, असं मारोती शपथेवर सांगत होता. वेणूबाईने त्या रात्री धवले म्हटले ते घरात, दार लोटून. त्यात तिने एक नवीच ओळ घातली, "मांडवाच्या दारी टिटवी बाळंतीण, गो बाय, टिटवी बाळंतीण," आणि बायकांना हसू आवरेना.

लग्नाच्या दिवशी ऊन चढलं तोवर तीन पिल्लं बाहेर आली होती. टिटवीने अंड्यांची कवचं उचलून लांब नेऊन टाकली. चौथ्याला मात्र घाई नव्हती.

दुपारी मुहूर्ताच्या थोडं आधी साकवावर दिघ्याची वरात उतरली. बेंजोवाल्यांनी तिथे असं काही वाजवलं की जासईत प्रत्येक घरात ऐकू गेलं. पोरं घामाने भिजली होती. आणि मग ऐन रंगात देवजींनी हात वर केला. बेंजो थांबला. पोरांचे हात हवेतल्या हवेत राहिले. सजवलेल्या जीपचं इंजिनही बंद करायला सांगितलं, म्हणून पोरांनी ती ढकलायला घेतली. आत मुंडावळ्या बांधलेला दिपेश, पुढे हातात वाद्यं धरून गप्प चालणारे बेंजोवाले, मागे नटलेल्या बायका, आणि कुणाच्या तोंडून शब्द नाही. दोन पोरांना राहवेना. ती बिनआवाजाची नाचायला लागली. त्यांचं बघून आणखी चार. नुसते पाय धुळीत घासल्याचा आवाज यायचा आणि मधेच कुणीतरी दाबलेलं हसू नाकातून बाहेर पडायचं.

पानटपरीवाल्याने एवढी वर्षं रस्त्यावरून वराती बघितल्या होत्या. त्याने पुढे येऊन हळूच विचारलं, "नवरा रुसलाय काय?"

दिपेशने जीपमधून मान बाहेर काढली आणि ओठांवर बोट ठेवलं.

अर्ध्या वाटेवर टिटवी सामोरी आली. एवढा जमाव बघून ती भडकली आणि किंचाळत वरातीच्या डोक्यावरून पुढे-मागे उडायला लागली. जीप मांडवाशी पोचेपर्यंत तिने वरातीला सोडलं नाही.

"वाजंत्री हाय ना मंग," देवजी म्हणाले, आणि तेवढ्यावर सगळ्या वरातीला हसू फुटलं. तोंडात पदर आणि रुमाल कोंबून माणसं हसत होती.

रंजिता आणि दिपेश जमिनीलगतच्या बोहल्यावर उभे राहिले. मधे अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली, तीही हळू आवाजात. दोन झाली, तिसरं सुरू झालं, आणि खांबाजवळ उभा असलेला मारोती दबक्या आवाजात ओरडला, "पाय वर! पाय वर घ्या!"

दोरीखालून चार पिल्लं बाहेर पडली होती. एवढीएवढीशी, खाली काडीसारखे पाय आणि वर कापसाचा बोळा. चौथंही आलं होतं, अंग पुरतं सुकलेलंही नव्हतं, तरी बाकीच्यांच्या मागे धडपडत धावत होतं. त्यांची आई पलीकडे चराच्या काठावर उभी राहून हळू हाक मारत होती. पिल्लांना चरातल्या पाण्याकडे जायचं होतं. आणि खळगा आणि चर यांच्या बरोबर मधे लग्न उभं होतं.

"शेट," मारोती कमळाकरच्या कानाशी म्हणाला, "आपुन त्येंच्या वाटंतच बोहलं घातलं की!"

पहिल्या रांगेने पाय उचलले, मग दुसरीने. म्हाताऱ्या बायका खुर्चीवर मांडी घालून बसल्या. दिघ्याच्या पोरांनी तर बूट हातात घेतले. पिल्लं खुर्च्यांखालून धावत धावत मधल्या मोकळ्या जागेत आली, आणि इतक्यात कुणाचं तरी लहान मूल रडलं. बाप टिटवी तारस्वरात किंचाळली. त्याबरोबर चारही पिल्लं जागच्या जागी जमिनीला चिकटून बसली आणि मुरमात अशी मिसळून गेली की कुणालाच दिसेनात.

आता हलायचं कसं? पाऊल टाकलं तर कुठे पडेल याचा नेम नाही. सगळा मांडव पाय वर घेऊन बसला.

"मुहूर्त टळतोय," भटजी कुजबुजले.

"टळू दे," देवजी म्हणाले. "पिल्लाला तुडवून मुहूर्त गाठायचा काय?"

अंतरपाटाच्या अलीकडून रंजिताने विचारलं, "दिसतात काय?"

"थांब," पलीकडून दिपेश म्हणाला, आणि त्याने अंतरपाटाच्या कडेने मान काढली. रंजिताही त्याच बाजूने वाकली. नवरा-नवरीने एकमेकांना मुहूर्ताआधीच बघितलं. कुणीतरी हसलं. भटजींनी डोळे मिटून घेतले, म्हणजे आपण काही बघितलं नाही.

"हितं हाय एक," दिपेश म्हणाला. "माझ्या पायाशी. हालू नको."

ती हलली नाही. कुणीच हललं नाही. चराच्या काठावरून आईची हाक पुन्हा आली, अगदी मऊ, टिटवीच्या गळ्यातून असा आवाज निघतो हेही बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. मुरमातून एक पिल्लू उभं राहिलं. मग दुसरं. दिपेशच्या पायाशी होतं ते त्याच्या मोजडीवर चढलं, तिथून घसरलं, आणि अंतरपाटाखालून निघून रंजिताच्या शालूच्या काठाला वळसा घालत बाहेर पळालं. सगळ्यांच्या माना त्यांच्याबरोबर वळत होत्या. सगळ्यात शेवटचं चराशी पोचलं, काठावरून पाण्यात गडगडलं आणि आईच्या पोटाखाली शिरलं.

पुतळाने हात जोडले. तिचं तिलाही कळलं नाही, कुणाला ते.

"भटजी," कमळाकरचा आवाज सुटला, आता त्याला आवाज आवरायचं कारण नव्हतं, "म्हना आता! मोठ्यान म्हना!"

भटजींनी राहिलेली मंगलाष्टकं अशी खड्या आवाजात म्हटली की अंतरपाट धरणारे दचकले. शेवटच्या 'सावधान'ला अक्षतांचा पाऊस पडला. मुहूर्त टळला होता की नाही हे नंतर कुणी विचारलंही नाही. पंगतीत एकच बोलणं चालू होतं. पिल्लू पहिल्यांदा कुणी बघितलं, कुणाच्या खुर्चीखालून गेलं, कुणाच्या चपलेवर बसलं. दिघ्याची एक म्हातारी तर सांगत होती की एक पिल्लू तिच्याकडे बघून थांबलं होतं, ओळख असल्यासारखं.

उन्हं कलल्यावर टिटव्यांनी पिल्लांना चरातून पुढे नेलं, कुंपणाखालून, पलीकडच्या खाडीकाठच्या ओल्या खाजणाकडे. देवजी कुंपणाशी उभे राहून त्या दिशेने बघत होते. ती दिसेनाशी झाली तेव्हा ते परत आले आणि बेंजोवाल्यांना म्हणाले, "वाजवा आता. राहिलेला सगला वाजवा."

दुपारपासून हात बांधून बसलेल्या बेंजोवाल्यांनी वाद्यं उचलली. पहिल्या ठोक्यालाच दिघ्याची पोरं मुरमावर उतरली. निरोपाची वेळ होती. पुतळाने रंजिताला कवटाळलं होतं, दोघींचे डोळे वाहत होते, वेणूबाई त्या दोघींना धरून उभी होती. कमळाकरने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंड उघडलं तर रडू येईल असं वाटून तो मागे फिरला, आणि मागे फिरला तो थेट नाचणाऱ्या पोरांत जाऊन पडला.

पोरांनी जागा केली. कमळाकरने आधी नुसते खांदे उडवले. मग एक हात वर गेला. मग दुसरा. अख्ख्या जासईने त्याला कधी नाचताना बघितलं नव्हतं. देवजींनी पागोटं काढून काखेत मारलं आणि तेही आत शिरले. व्याही-व्याही समोरासमोर नाचायला लागल्यावर पोरांनी शिट्ट्यांनी रान उठवलं. जीपमध्ये बसलेली रंजिता रडता रडता उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली.

जीप हलली. तिच्यापुढे कमळाकर नाचत होता. पानटपरी गेली, शाळा गेली, साकव आला. इथून वरात गाड्यांत बसायची होती. बेंजो थांबेना, म्हणून कमळाकरही थांबेना. साकव ओलांडून तो पुढे निघाला, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, दोन्ही हात आभाळात.

"अवो!" मागून पुतळा साडी सावरत धावत येत होती. "तुमी कुठं चाललाव? सासरी पोरगी जाते, तुमी नाय!"

पण बेंजोच्या आवाजात ते त्याला ऐकूच गेलं नाही.